एका मापाचे तुकडे

न्हाव्यानं उजवा गाल उरकून डाव्या गालाला नुकता फेस लावला होता, तेवढ्यात चादरीखाली मास्तरांचा फोन थरथरायला लागला. एकदा थांबला, पुन्हा सुरू झाला. न्हावी वस्तरा हवेत धरून म्हणाला, "घ्या, घ्या. कोणाचं तरी अडलेलं दिसतंय." मास्तरांनी चादरीतून हात काढला आणि फोन कोरड्या कानाला लावला. पुतणी होती. तिचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावरच राहिलं. घरात तिला सगळे चिंगी म्हणायचे आणि तिशीला आली तरी ती चिंगीच होती. "काका, आईनं बोट कापून घेतलं," ती म्हणाली. "घाबरू नका, आता बरी आहे. अंगठ्याशेजारचं बोट, तीन टाके पडले. पण या वर्षातली ही तिसरी वेळ. धड दिसत नाही, हात थरथरतो, आणि मी कामावर गेले की बसते चिरत. आज म्हटलं, सगळ्या सुऱ्या कपाटात ठेवून कुलूप लावते, तर जेवलीच नाही. तुम्ही या आणि तिला सांगा, सुरी बंद. तुमचं ऐकेल ती. सुरीच्या बाबतीत ती दुसऱ्या कुणाचं ऐकतच नाही."

"येतो," एवढंच मास्तर म्हणाले. न्हाव्यानं विचारलं, काय झालं, तेव्हा त्यांनी सांगितलं, वहिनींना सुरी लागली. न्हावी हसला. वीस वर्षांचं गिऱ्हाईक, थट्टेचा हक्क होता त्याला. "सुरीमास्तरांच्या घरात सुरी लागते म्हणजे कमाल झाली की!" एरवी मास्तरांनी त्याला तोडीस तोड उत्तर दिलं असतं. बोलण्यात ते कुणाला हार जाणारे नव्हते. आज ते आरशात पाहत राहिले. अर्धा चेहरा गुळगुळीत, अर्धा पांढरा, आणि मध्ये दोन डोळे, चोरी पकडली गेल्यासारखे. तुमचं ऐकेल ती. चिंगीनं किती सहज म्हटलं. तिला बिचारीला काय ठाऊक, तिची आई आपल्या दिराचं सुरीच्या बाबतीत एकदा ऐकून बसली होती, त्याला वीस वर्षं झाली, आणि त्या ऐकण्यात तिचं काय काय गेलं.

मास्तर पाककलेच्या शाळेत एकतीस वर्षं फक्त चिरायला शिकवत होते. फोडणी, भाजणं, उकडणं इतरांकडे. यांच्याकडे सुरी आणि पाट. पहिल्या दिवशी ते मुलांना सुरीला हातच लावू देत नसत. पाटाखाली ओलं फडकं घाला, नाहीतर पाट सरकतो. डाव्या हाताची बोटं आत वळवा, पंजा करा, नखं लपवा. पातं बोटांच्या मधल्या सांध्याला घासत खाली जाऊ दे, म्हणजे डोळे मिटले तरी बोट तुटायचं नाही. सुरीचं टोक पाटावरून उचलायचं नाही, मागची बाजू तेवढी वर-खाली. गोल वस्तू असेल तर आधी एक बाजू छाटून सपाट करा, त्या सपाट बाजूवर तिला बसवा, मग पट्ट्या, मग काड्या, मग चौकोन. हे सगळं ते एका दमात सांगत आणि सांगून झालं की कोटाच्या वरच्या खिशातून अर्ध्या वितीची पोलादी पट्टी काढत. ही पट्टी म्हणजे मास्तर. पोरं नक्कल करायची ती याच पट्टीची. कुणाच्याही पाटावरून एक तुकडा उचलायचा, पट्टी लावायची, एक डोळा बारीक करायचा आणि म्हणायचं, "हा याचा भाऊ दिसत नाही."

बसमध्ये त्यांना खिडकीजवळची जागा मिळाली. दुपारची वेळ, बस निम्मी रिकामी. काचेवर डोकं टेकवलं की इंजिनाची थरथर दातांपर्यंत येत होती. वहिनी घरात आली तेव्हा आपण नऊ वर्षांचे होतो, त्यांना आठवलं. आई अंथरुणाला खिळलेली, दादा दिवसभर कामावर. आठवडाभरापूर्वी लग्न झालेली बाई स्वयंपाकघरात उभी होती, आणि आपण दाराच्या चौकटीला चिकटून बघत होतो की ही परकी बाई आपल्या घरातली भांडी कुठून काढते. तिनं वळून पाहिलं आणि म्हणाली, "काय धाकटे, भूक लागली?" त्या दिवसापासून ती आपल्याला धाकटेच म्हणते. तेव्हा तिनं गाजर घेतलं होतं. पाटावर आडवं ठेवलं, तिरका काप दिला. मग गाजर पाव वळसा फिरवलं, पुन्हा तिरका काप. पुन्हा फिरवलं. काप, वळसा, काप, वळसा. जाड बाजूला आखूड, निमुळत्या टोकाला जरा लांब. प्रत्येक तुकडा वेडावाकडा, एकाचं तोंड दुसऱ्यासारखं नाही, आणि हे सगळं ती आपल्याकडे बघत, आपल्याशी बोलत करत होती. पाटाकडे तिचं लक्षच नव्हतं. एक तुकडा तिनं आपल्या हातावर ठेवला. तो आपण तोंडात फिरवत राहिलो, कारण त्याच्या प्रत्येक बाजूला जिभेला नवी धार लागत होती. पोट भरलेलं असलं की पोरांना अशा गोष्टी सुचतात. आपलं पोट भरलेलं राहिलं ते तिच्यामुळे. नाहीतर त्या घरात कोण होतं विचारायला?

पुढे दादा गेला. वहिनी एक्केचाळीसची, चिंगी दहाची. शहरातल्या एका मोठ्या इस्पितळाच्या स्वयंपाकघरात जागा निघाली होती. पक्की नोकरी, दुपारी चारला सुटी, राहायला खोली. फक्त पाककलेच्या शाळेचा सहा महिन्यांचा दाखला हवा होता. मास्तरांनीच धावपळ करून तिला प्रवेश मिळवून दिला. एकवीस-बावीस वर्षांच्या पोरांमध्ये ती मागच्या ओट्याशी उभी राहायची, पांढरी टोपी कपाळावर ओढून. वर्गात ती त्यांना "सर" म्हणायची आणि दाराबाहेर पडली की "धाकटे". बाकी सगळ्यात ती पहिली. पातेल्याच्या वाफेवरून तिला मीठ कळायचं. चिरण्यात मात्र मास्तरांनी सांगितलेलं ती मान हलवून ऐकायची, दोन चौकोन कापायची आणि मास्तर पुढच्या ओट्याकडे वळले की गाजर फिरायला लागायचं. एकदा ते तिला म्हणाले होते, "वहिनी, सवय मोडा. परीक्षेत अडचण होईल." तर ती हसून म्हणाली, "अरे, हे सगळे तुकडे एकदम शिजतात. शिजल्यावर कोण पट्टी लावणार आहे?"

परीक्षेच्या कागदावर लिहिलं होतं: पातेल्यात शिजवायच्या भाजीसाठी गाजर चिरणे, काप उमेदवाराच्या पसंतीचा, गुण एकसारखेपणाला. आता विचार केला की मास्तरांना वाटतं, त्या कागदानं दार सताड उघडं ठेवलं होतं. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई एका वसतिगृहाचं स्वयंपाकघर चालवत होत्या, पाचशे माणसांचं. वहिनीच्या पाटाशी त्या थांबल्या, दोन तळहातांवर एकेक तुकडा घेऊन हात खाली-वर केले आणि म्हणाल्या, "मास्तर, हे जरा उकळत्या पाण्यात टाकून बघू या का?" मास्तरांनी पट्टी काढली. या तुकड्याला लावली, त्या तुकड्याला लावली. कुठलीही बाजू कुठल्याही बाजूशी जुळेना. मागे पोरं उभी होती. त्यांच्यातला कोणीतरी कुजबुजला, "घरचं माणूस आहे." हे शब्द त्यांच्या कानात शिरले आणि तिथेच बसले. ते म्हणाले, "वेळ नाही, बाई. आणि नियम सगळ्यांना सारखा." दहापैकी दोन गुण. वहिनी एकूण तीन गुणांनी नापास झाली. इस्पितळातली जागा दुसऱ्या कुणाला मिळाली.

खरी जीवघेणी गोष्ट पुढची. निकालाच्या संध्याकाळी ते तोंड लपवत तिच्या घरी गेले, आणि तिनंच त्यांची समजूत घातली. "बरोबर केलंस तू. घरचं माणूस म्हणून पास केलं असतंस तर उद्या तुला शाळेत मान वर करता आली नसती. माझ्या हाताला वळण नाही, त्याला तू काय करणार?" मास्तरांना इतकं हलकं वाटलं की ते तिच्याकडे पोटभर जेवून आले. आणि त्या दिवसापासून ही गोष्ट त्यांची झाली. दर वर्षी नव्या पोरांपुढे पहिल्या दिवशी ते छाती काढून सांगायचे, "माझ्याकडे वशिला चालत नाही. मी माझ्या सख्ख्या वहिनीला नापास केलंय." पोरं आदरानं बघायची. वहिनी तेव्हा कपड्यांच्या कारखान्यात धागे तोडायला जात होती. शिवून आलेल्या शर्टाच्या प्रत्येक शिवणीला राहिलेली सुताची टोकं बारक्या कात्रीनं कापायची, ट्यूबलाइटच्या खाली, मान मोडून, दिवसाला दोनशे शर्ट. सतरा वर्षं. डोळे गेले ते तिथे.

बस सिग्नलला थांबली. शेजारी एक बाई मांडीवरच्या पिशवीतून सफरचंद काढून दातांनीच तोडून खात होती, मोठा चावा, मग छोटा, मग कडेनं. मास्तरांना तिचा हेवा वाटला. नऊ वर्षांपूर्वीची ती दुपार त्यांना आठवायची नव्हती, पण अशा गोष्टी परवानगी मागत नाहीत. शाळेत नवा इलेक्ट्रॉनिक काटा आला होता, ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा. जेवणाच्या सुटीत ते एकटेच होते. मनात आलं, पुढच्या तासाला मुलांना दाखवू या, वेडावाकडा काप किती वाईट पडतो ते. त्यांनी गाजर घेतलं आणि वहिनीसारखं फिरवत कापलं. एकेक तुकडा काट्यावर ठेवला. अकरा ग्रॅम. अकरा. बारा. अकरा. दहा. अकरा. निमुळत्या टोकाचा लांब तुकडा, अकरा. त्यांनी दुसरं गाजर घेतलं, चौकोन केले. चौकोन झकास, पण छाटून टाकलेल्या कडांचा ढीग गाजराच्या तिसऱ्या हिश्शाएवढा. मग दोन पातेल्यांत पाणी उकळलं. तिचे तुकडे सगळे एका वेळी शिजले. एकही कच्चा नाही, एकाचाही गाळ नाही. त्या परीक्षक बाई तळहात खाली-वर करत उभ्या राहिल्या होत्या, त्या काय करत होत्या ते अकरा वर्षांनी समजलं. त्यांनी वजन केलं होतं. हातानं.

मास्तरांनी तेव्हा काय केलं? पातेली धुतली. काटा पुसला. तुकडे कचऱ्यात टाकले, वर कांद्याची सालं टाकली. घंटा झाल्यावर वर्गात गेले. पुढच्या वर्षी अभ्यासक्रमात त्यांनी एक नवा काप घातला आणि त्याला नाव दिलं "फिरता काप". कुठून आणला असं एका मुलीनं विचारलं तर म्हणाले, "पुस्तकात असतो." आणि त्याच वर्षी, पहिल्या दिवशी, जीभ सवयीनं वळली आणि त्यांनी पुन्हा सांगितलं, मी सख्ख्या वहिनीला नापास केलंय. पोरं पुन्हा आदरानं बघायला लागली. त्या क्षणी त्यांना स्वतःची शिसारी आली होती. पण शिसारी आली म्हणून माणूस काही करतोच असं नाही. वहिनीला सांगू, सणासमारंभाला भेटेल तेव्हा सांगू. मग, आता ती बिचारी विसरली असेल, कशाला जखमेवरची खपली काढा. मग, आता निवृत्त झाल्यावर निवांत सांगू. मुदतीआधीच निवृत्त होऊन चौदा महिने झाले होते. निवांतपणा भरपूर होता. सांगणं तेवढं राहिलं होतं.

चिंगीनं दार उघडलं. ती ज्या दवाखान्यात कामाला होती तिथून रजा टाकून आली होती, गळ्यात अजून नोकरीचं ओळखपत्र लटकत होतं. तिनं बोट ओठांवर ठेवून स्वयंपाकघराकडे मान वळवली आणि हळूच म्हणाली, "पुन्हा बसलीय. मी औषधं आणायला खाली गेले तेवढ्यात. आता तुम्हीच बघा." वहिनी टेबलाशी बसली होती. एकसष्ट वर्षांची, पण पाठ ताठ. डाव्या हाताच्या बोटाला पांढरं बँडेज, कोंबडीच्या पिसासारखं वर उभं राहिलेलं. चष्म्याची जाड काच पाटापासून वीतभर अंतरावर. पावलं ऐकून तिनं मान वर केली. "काय धाकटे, फितुरांनी बोलावलं वाटतं?" ती हसली. "आणि हे काय, अर्धीच दाढी?" मास्तरांनी गालाला हात लावला. डाव्या गालावर खुंट तसेच होते. न्हाव्यानं फेस पुसून दिला असावा आणि आपण उठून आलो असू, काही आठवेना.

ते खुर्चीवर बसले आणि मग त्यांचं लक्ष बशीकडे गेलं. बशीत गाजराचे चौकोन होते. लहान, अर्ध्या इंचाचे, धारदार कोपऱ्यांचे. थरथरत्या हातांनी केलेले, म्हणून एखादा कलता, पण चौकोनच. शेजारी वाटीत छाटलेल्या कडांचा ढीग, वाया जाऊ नये म्हणून नीट गोळा केलेला. पाटाच्या कडेला सुरीच्या टोकानं पाडलेल्या बारीक खाचा होत्या, सारख्या अंतरावर, वापरून वापरून काळ्या पडलेल्या. मास्तरांनी त्यांवर बोट फिरवलं. "ही काय, मापं?" वहिनी थोडी लाजली. "मग? तुझी पट्टी मला कोण देणार? तेव्हाच पाडल्या. परीक्षेनंतर. म्हटलं, दाखला नाही तर नाही, हाताला वळण तरी लावू. दुसऱ्याच्या घरी जाऊन शिकायची सोय नव्हती, घरात रोज भाजी तर चिरायचीच होती. पहिली काही वर्षं इतका वेळ लागायचा, काय सांगू, ही शाळेतून यायची तरी माझं चालूच. आता बघ. उचल की एखादा. आहे का भावासारखा भाऊ?"

चिंगी दाराशी उभी होती. "काका, सांगा ना तिला," ती म्हणाली. "त्या पहिल्या कापालाच लागतं. गोल गाजराची बाजू छाटायला जाते आणि ते गडगडतं." मास्तरांना हे सांगायची गरज नव्हती. चौकोनाचा पहिला काप हाच सगळ्यांत धोक्याचा, हे त्यांनी एकतीस वर्षं फळ्यावर लिहिलं होतं. तिरक्या कापात गाजर तळव्याखाली असतं, आपण फिरवू तेव्हाच फिरतं. लहानपणापासून बत्तीस वर्षं तिनं तसं चिरलं आणि एकदाही बोटाला चीर पडली नाही. तीन वेळा बोट कापलं ते यांच्या चौकोनांनी.

"वहिनी," ते म्हणाले. "तुमचे तुकडे बरोबर होते."

"कुठले?"

"परीक्षेतले. एका वजनाचे होते. मी लांबी-रुंदी बघत बसलो. एकदम शिजले असते. तुम्ही म्हणत होता तसंच. तुम्हाला पास करायला हवं होतं."

चिंगीला काही कळलं नाही. ती एकदा आईकडे, एकदा काकांकडे बघत राहिली. वहिनीनं सुरी पाटावर आडवी ठेवली. तिनं चष्मा काढला, पदराच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला. "कधी कळलं तुला?" तिनं विचारलं. मास्तरांच्या मनात आलं, खोटं सांगावं. आज कळलं, काल कळलं. तेवढी एक फट उघडी होती. "नऊ वर्षं झाली," ते म्हणाले.

ती उजव्या हाताची बोटं दुमडू लागली. ओठ हलत होते, मोजत होती. "नऊ वर्षांपूर्वी मी बावन्नची," ती शेवटी म्हणाली. "डोळे तेव्हा चांगले होते रे. नुकती कुठे उजेडानं तिडीक यायला लागली होती. त्यानंतर आणखी सहा वर्षं मी धागे तोडले." आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. मास्तरांना वाटलं, तिनं बशी भिरकावावी, दोन शिव्या द्याव्यात, जा म्हणावं. ते नऊ वर्षांचे असताना एकदा तिनं त्यांच्या पाठीत धपाटा घातला होता, खोटं बोलल्याबद्दल, आणि मग स्वतःच रडली होती. तसा एक धपाटा मिळाला असता तर ते तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले असते. "चुकलं माझं," ते म्हणाले. "फार चुकलं. पहिलं चुकलं त्याहून दुसरं जास्त." ती म्हणाली, "हं." मग वाटीतल्या कडा बोटानं चाळवत, "म्हणजे हाताला वळण होतं."

"होतं."

तिनं टोपलीतून एक गाजर उचललं. चिंगी पुढे झाली, पण मास्तरांनी हातानंच तिला थांबवलं. वहिनीनं गाजर पाटावर आडवं ठेवलं आणि सुरी घेतली. मास्तर बघत होते. सुरी गाजराच्या बाजूला गेली, कड छाटायला. ती थांबली. "नाही, तसं नाही," ती स्वतःशी पुटपुटली आणि पुन्हा सुरुवात केली. पुन्हा सुरी कडेलाच गेली. डाव्या हाताची उरलेली बोटं मास्तरांनी शिकवलेल्या पंज्यात आपोआप वळली. तिसऱ्यांदा तिनं सुरी तिरकी धरली, पण गाजर फिरवायचं की सुरी, ते तिला आठवेना. तिच्या कपाळावर आठ्या आल्या. "असं काय झालं?" ती म्हणाली. "मी तर बघायचेसुद्धा नाही. कसं करायचे मी?"

"आधी तिरका काप," मास्तर म्हणाले. "हां. आता गाजर पाव वळसा आपल्याकडे. तळवा उचलू नका. आता पुन्हा, तेवढाच तिरका. टोकाकडे येताना जरा लांब." बोलता बोलता त्यांच्या ध्यानात आलं की आपला आवाज वर्गातला झालाय, तोच, एका दमात सांगणारा. गप्प बसावं तर ती अडते. म्हणून ते सांगत राहिले. वहिनी मान हलवत होती, मागच्या ओट्याशी उभ्या असलेल्या बाईसारखी, मन लावून, एक शब्द न चुकवता. एक तुकडा पडला. दुसरा. तिसरा अडखळत पडला, फार मोठा. तिनं तो बाजूला सारला आणि पुन्हा गाजर फिरवलं. चौथा जमला. तिनं तो दोन बोटांत धरला, काचेजवळ नेला, चारी बाजूंनी पाहिला, आणि त्यांच्यासमोर केला.

"हे बरोबर आहे का?"

"मला विचारू नका, वहिनी."

"मग कुणाला विचारू?" ती म्हणाली. तिचा हात तसाच पुढे होता, थरथरत, आणि ती खरोखरच उत्तराची वाट बघत होती.